लेबल छापायला दुसऱ्यांदा कोण येतं? घरगुती खाद्य व्यवसाय आणि विक्रीतल्या नेहमीच्या चुका

छपाईवाला_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं लेबल आणि पाऊच छपाईचं काम आहे. गिऱ्हाईक बहुतेक घरगुती मालवाले: कांदा-लसूण मसाला, हळद, बेदाणे, पापड, लोणची, दिवाळीत फराळ. पहिल्यांदा येतात तेव्हा सगळेच उत्साहात असतात. नाव ठरलेलं असतं, लोगो काढलेला असतो, सोनेरी अक्षरं हवी असतात. खरं काय ते दुसऱ्या खेपेला कळतं. ज्यांचा माल खपतो ते 'लेबलं संपली' म्हणून परत येतात. बाकीच्यांचे गठ्ठे माळ्यावर पडून राहतात. वाईट याचं वाटतं की त्यातल्या कितीतरी जणांचा माल चवीला एक नंबर असतो.

माझं मत आधीच मांडतो, मग तुम्ही खोडून काढा. सगळा पैसा आणि जीव अनोळखी माणसापर्यंत पोचण्यात जातो. ज्यानं एकदा पैसे मोजून माल नेला, त्याची पुन्हा विचारपूस कुणी करत नाही. मसाल्याचं पाकीट दोन-तीन महिन्यांत संपतं. ते संपेल त्या दिवशी तुमचा नंबर त्या स्वयंपाकघरात सापडला पाहिजे.

आणि तो सापडत नाही, याचं कारण आम्हाला लेबलावरच दिसतं. पाऊचची वरची पट्टी कात्रीनं कापून फेकली जाते आणि नेमका तिथेच फोन नंबर छापलेला असतो. बरं, खाली छापला तरी मसाला डब्यात ओतून पाऊच कचऱ्यात जातो. मग बाई म्हणते, "तो मसाला छान होता, पण कुणाचा ते आठवत नाही." आमच्याकडे मिरजेजवळच्या एक ताई येतात, त्यांनी यावर साधा उपाय केला. पाकिटाच्या आत पातळ प्लास्टिकच्या पिशवीत एक गोल स्टिकर असतो. वर मसाल्याचं नाव, खाली मोठ्या आकड्यात फोन नंबर, आणि एक ओळ: 'डब्याच्या झाकणाला चिकटवा'. खर्च काही पैशांचा. जाहिरात करताना मी त्यांना कधी पाहिलेलं नाही, पण लेबलं मात्र त्या नियमानं नेतात.

तुमच्या धंद्यात काय दिसतं ते सांगा. खाद्यपदार्थच हवेत असं नाही.

फराळघर_डोंबिवली

दादा, स्टिकरची गोष्ट आवडली. पण फराळाचं गणित मसाल्यासारखं नाही. आमचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा येतं, आणि तोवर निम्मी माणसं घर बदलून बदलापूर नाहीतर ठाण्याला गेलेली असतात. नवीन माणसं शोधावीच लागतात.

आमच्या लाइनीत मला सगळ्यात खटकतं ते भाव लपवणं. 'दरासाठी मेसेज करा.' अहो, नोकरी करणारी बाई रात्री अकराला जेवणं आवरून फोन हातात घेते. ती तुम्हाला विचारून उत्तराची वाट कशाला बघेल? जिथे भाव लिहिलेला दिसेल तिथे ती ऑर्डर देऊन मोकळी होते. एकाच चित्रात सगळं द्या: पदार्थ, वजन, दर, तेल कुठलं, घरपोच कुठे-कुठे आणि ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख. आणि ती तारीख पाळा. धनत्रयोदशीपर्यंत 'हो हो, देते' म्हणत राहिलं की शेवटच्या घाण्याची चकली मऊ निघते, आणि त्या एका चकलीनं वर्षभराचं नाव जातं.

दुसरं म्हणजे नेटवरून उचललेले फोटो. चकलीचे काटे फोटोत वेगळे, डब्यात वेगळे. लोकांच्या लगेच लक्षात येतं.

मी वही ठेवते. तुळशीचं लग्न झालं की प्रत्येकीला फोन करून विचारते, काय आवडलं, काय उरलं. 'तिखट कमी', 'अनारसे संपले, शेव उरली', असं नावापुढे लिहून ठेवते. पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आसपास मेसेज जातो: "मागच्या वर्षी एक किलो चकली आणि अर्धा किलो अनारसे घेतले होते, तेवढंच ठेवू का?" त्यावर बहुतेकींचं 'हो' येतं.

छपाईवाला_सांगली

ताई, तुम्ही माझ्या विरोधात लिहायला सुरुवात केलीत आणि माझंच म्हणणं माझ्यापेक्षा नेटकं मांडलंत. ती वहीच तुमचं मार्केटिंग आहे. घर बदललं तरी फोन नंबर बदलत नाही, त्यामुळे बदलापूरला गेलेली बाईही त्या वहीत आहेच.

हिशेबनीस_नाशिक

मी छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो, त्यामुळे मला चूक आकड्यांत दिसते. सगळ्यात महाग चूक म्हणजे विचार न करता दिलेली सूट.

समजा एक किलो माल ५०० रुपयांना विकता आणि सगळा खर्च धरून तो ३५० ला पडतो. किलोमागे १५० सुटतात. आता 'सणानिमित्त २० टक्के सूट' लावली. भाव झाला ४००, हातात उरले ५०. म्हणजे आधी एक किलो विकून जेवढं मिळत होतं, तेवढ्यासाठी आता तीन किलो विकायचा. तिप्पट दळायचं, तिप्पट तळायचं, तिप्पट पॅकिंग. विक्री दुप्पट झाली की लोक पेढे वाटतात, आणि प्रत्यक्षात कमाई घटलेली असते.

आणि ते ३५० तरी खरे असतात का? घरगुती व्यवसायात स्वतःची मजुरी कुणी धरत नाही. चार तास भट्टीपुढे उभं राहिल्याचे शून्य रुपये. मुलगा गाडीवरून माल पोचवतो, त्याचं पेट्रोल घरखर्चात. फुटलेला, सादळलेला माल घरी खाल्ला, तोही धरायचा नाही. मग शेजारचीपेक्षा दहा रुपये कमी लावायचे, आणि वर्षाच्या शेवटी पैसा दिसत नाही म्हणून जाहिरात कमी पडली असं म्हणायचं.

सूट द्यायचीच असेल तर भावात देऊ नका. पाव किलो नवीन पदार्थ चवीला द्या. तेवढ्या मालाचा तुम्हाला पडणारा खर्च त्या सुटीपेक्षा कमी असतो, आणि मूळ भाव गिऱ्हाइकाच्या मनात तसाच राहतो. एकदा ४०० ला दिलेली वस्तू पुन्हा ५०० ला घ्यायला माणूस का-कू करतो.

वैनगंगाकाठची

आमचा भंडाऱ्याकडचा महिला बचत गट आहे. चिन्नोर तांदूळ, जवसाची चटणी, मुगाच्या वड्या करतो. एक जण म्हणतो, महिन्याला पाच हजार द्या, तुमच्या पोस्टा बूस्ट करून देतो, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवतो, महाराष्ट्रभर दिसतील. गटात दोन मतं आहेत. काय करावं?

जाहिरात_मजूर

वैनगंगाताई, मी हेच काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो. आधी त्याला विचारा, पाच हजारांपैकी फेसबुक-इन्स्टाग्रामला प्रत्यक्ष किती जाणार आणि त्याची फी किती. जाहिरातीचं खातं तुमच्या गटाच्या नावानं, तुमच्या कार्डावरून उघडायला सांगा. तो नाही म्हणाला तर तिथेच थांबा, कारण उद्या तो सोडून गेला की खातं, पेज, त्यातली माहिती सगळं त्याच्याबरोबर जातं. अशी अडकलेली पेजं सोडवून घ्यायला माझ्याकडे लोक येत असतात.

दुसरा प्रश्न: महाराष्ट्रभर दिसून तुम्हाला काय मिळणार? एक किलो तांदूळ सावंतवाडीला कुरियरनं पाठवायचा तर कुरियर तांदळाच्या भावाशी स्पर्धा करेल. जाहिरात कुठल्या गावात, किती किलोमीटरच्या परिघात दाखवायची हे निवडता येतं. भंडारा आणि नागपूर शहर, एवढंच धरा. आणि बूस्टचं बटण दाबलं की लाइक आणि कमेंट सहज वाढतात, पण लाइक करणारा तांदूळ घेतोच असं नाही. ज्या जाहिरातीवर टिचकी मारली की थेट व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्याशी बोलणं सुरू होतं तशी करा, म्हणजे निदान किती जणांनी भाव विचारला हे मोजता येईल.

त्याहीआधी फुकटची कामं उरका. गूगल मॅपवर गटाची नोंद करा, त्याला पैसे लागत नाहीत. नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही, चालू फोन नंबर, खऱ्या वेळा, पाच-सहा स्वच्छ फोटो. मॅपवर 'उघडं आहे' दिसतंय, माणूस दहा किलोमीटर येतो आणि कुलूप बघून जातो, हे मी कित्येक दुकानांच्या अभिप्रायांत वाचलंय.

आणि व्हॉट्सअ‍ॅपची एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. ब्रॉडकास्ट लिस्टमधून, म्हणजे एकच मेसेज एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीतून, पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. एका यादीत जास्तीत जास्त २५६ जण बसतात. लोक वर्षभर मेसेज पाठवत राहतात आणि समजतात की सगळ्यांना मिळाले. माल हातात देतानाच सांगा: "नंबर सेव्ह करा, नवा तांदूळ आला की कळवते."

उंबरठा

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपबद्दल मी बोलते, गिऱ्हाईक म्हणून. एका दुकानातून एकदा कुर्ती घेतली, बिलासाठी नंबर दिला. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ग्रुपमध्ये. दीड-दोनशे अनोळखी लोकांना माझा नंबर दिसतोय, आणि त्याच रात्री एका अनोळखी माणसाचा 'हाय' आला. मी ग्रुप सोडला आणि त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाही. कपडे चांगले होते हो त्यांचे. दुकानदारांनो, कळकळीनं सांगते, बाईचा नंबर असा चारचौघांत टाकू नका. आधी विचारा.

देवगडकर_बागायतदार

धागा हापूसच्या हंगामात हवा होता, तरी लिहितो.

आमच्याकडे मार्च उजाडला की जो तो थेट ग्राहकाला पेटी विकायला निघतो. चांगलंच आहे, दलालाकडे घालण्यापेक्षा चार पैसे जास्त सुटतात. पण झाडावर फळ किती धरलंय याचा अंदाज न घेता आगाऊ पैसे घेतात. मग थ्रिप्स किडीनं नाहीतर अवकाळी पावसानं मोहोर गेला की बाहेरून आंबा आणून पेटी भरायची पाळी येते. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव ठरावीक भागातल्या मालालाच वापरायचा हक्क, मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांतल्या आंब्याला. देवगडात तर २०२५ च्या हंगामापासून उत्पादक संस्थेनं एकेका आंब्यावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर लावायला सुरुवात केली, कारण देवगडच्या नावाखाली परराज्यातला माल सर्रास जात होता. अशा वेळी आपल्याच माणसानं पेटीत दुसरा आंबा भरला तर बोलायचं कुणाला?

पण मला खरं सांगायचंय ते पेटी पोचल्यानंतरचं. पुण्यातला माणूस पेटी उघडतो, आंबा हिरवा आणि कडक. तो घाबरतो, फसवलं म्हणतो. कुणी सगळे आंबे फ्रीजमध्ये ठेवतो, मग ते धड पिकत नाहीत आणि साल सुरकुतते. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मी प्रत्येक पेटीत पेंढ्यावर एक कागद ठेवतो: फळं कधी उतरवली, अढी कशी लावायची, एकावर एक थर किती, रोज उलटून कशी बघायची, वास सुटून देठाजवळ दाबलं की किंचित मऊ लागेल तेव्हा खायचा. फ्रीज फक्त पिकल्यावर.

आणि साक्याबद्दल आधीच लिहितो. आंबा बाहेरून सोन्यासारखा असतो आणि कापला की आत पांढरट गाठ. हे बाहेरून कुणालाच कळत नाही, मलाही नाही. म्हणून कागदावर लिहिलंय, साका निघाला तर कापलेल्या फोडीचा फोटो पाठवा, तेवढे आंबे पुढच्या पेटीत जास्त घालीन. हंगामात असे फोटो येतात, मी वाद घालत नाही. खरंच सांगतो, ज्यांना साक्याचे आंबे भरून दिले तीच घरं सोसायटीतल्या आणखी चार घरांना घेऊन येतात. जाहिरातीला मी पैसे घातलेले नाहीत.

न्यूजर्सीची_वाचक

देवगडकर, तुमच्या कागदाबद्दल वाचून फार बरं वाटलं.

आम्ही इथे काही घरं मिळून दरवर्षी पुण्याहून फराळ मागवतो. विकणारे डझनभर सापडतात, आम्ही त्याच एकांकडे जातो. कारण ते पहिल्याच मेसेजमध्ये सांगतात की शेवटचं पार्सल कधी निघणार, पोचायला साधारण किती दिवस, करंजी प्रवासात तुटते म्हणून पाठवत नाही, ओल्या नारळाचं काही पाठवत नाही. अमेरिकेत विक्रीचे खाद्यपदार्थ यायचे तर तिथल्या अन्न-औषध खात्याला, एफडीएला, आगाऊ सूचना द्यावी लागते, ती कागदपत्रं त्यांना माहीत असतात. 'नाही' म्हणता येणारा विक्रेता आम्हाला विश्वासाचा वाटतो. बाकीचे सगळ्याला 'होऽ जाईल की' म्हणतात, आणि पार्सल पोचतं तोवर दिवाळी उलटलेली असते.

पायताण_कोल्हापूर

आमचं घर पिढ्यान् पिढ्या चप्पल करतंय. २०२५ च्या जून महिन्यात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि देशभर गाजावाजा झाला. लोकांनी फोन काढून 'कोल्हापुरी चप्पल' शोधायला सुरुवात केली. आणि त्यांना दिसलं काय? रेक्झिनचा माल, मशीनची शिलाई, वर 'अस्सल कोल्हापुरी'. खरे कारागीर त्या शोधात दिसलेच नाहीत, कारण त्यांच्याकडे दाखवण्यासारखं पेज नाही, फोटो नाही, मापाचा तक्ता नाही. २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत. पण मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी लागते, तिकडे कितीकांनी लक्षच दिलं नाही.

आमच्यातली चूक सांगायची तर फोटो चकचकीत वरच्या बाजूचा काढतात. गिऱ्हाइकाला तळ दाखवा, कड दाखवा, हातशिलाईचा टाका जवळून दाखवा, कापशी प्रकारची चप्पल असेल तर वेणी दाखवा. मग बाराशेची आणि चारशेची यात फरक काय, हे तोंडानं सांगावं लागत नाही. सुरुवातीला चावते, करकर वाजते, पावसात घालायची नाही, अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा, हेही लिहा. हे लपवून विकली की जुलैत भिजवून जुलैतच शिव्या घालतात.

माप हा ऑनलाइनमधला मोठा घोळ. बुटाचा नंबर सांगतात आणि चप्पल बसत नाही. आम्ही सांगतो, कोऱ्या कागदावर अनवाणी उभे राहा, दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल सरळ धरून पाय आखायला लावा, बाजूला पट्टी ठेवा आणि फोटो पाठवा. परत येणारा माल लगेच कमी झाला. आणि तो कागदाचा फोटो आमच्याकडे राहतो, पुढच्या वेळी माप विचारावं लागत नाही.

जुना_गिरगावकर

या चर्चेत लिज्जत पापडचं नाव यायला हवं. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण त्यातलं घेण्यासारखं वेगळंच आहे. पापड बायका आपापल्या घरी लाटतात, पीठ मात्र केंद्रावर मळून तिथूनच मिळतं. त्यामुळे कुणीही लाटला तरी चव तीच. घरगुती व्यवसाय वाढतो तेव्हा पहिली चव बिघडते. आज सासूबाईंच्या हातचा मसाला, उद्या मदतनीस बाईंच्या हातचा. गिऱ्हाईक बोलून दाखवत नाही, फक्त येणं बंद करतं. वजनानं लिहिलेलं प्रमाण हवं. 'अंदाजानं मूठभर' चालत नाही.

मुद्द्याचं_बोला

सगळं पटतं, पण धाग्याचा सूर एकांगी होतोय. ज्याचा पहिलाच महिना आहे त्याच्याकडे वही कोरी आहे. जुनं गिऱ्हाईक सांभाळा हे त्याला सांगून काय उपयोग? त्याला ओरडावंच लागणार.

छपाईवाला_सांगली

बरोबर आहे, कोऱ्या वहीला उत्तर द्यायलाच हवं. आमच्याकडे टिकलेल्यांची सुरुवात मी पाहिलीय, ती फार लांबून झालेली नाही. आपल्या वॉर्डातली घरं, मुलांच्या शाळेतल्या आया, भिशी, हळदीकुंकू. आणि प्रदर्शनं. मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा, नाहीतर आपापल्या गावातलं बचत गटांचं प्रदर्शन. पण तिथेही बहुतेक जण गल्ला मोजून घरी येतात. माल किती खपला ते सांगतात, कुणी नेला ते सांगता येत नाही. स्टॉलवर एक माणूस फक्त वहीसाठी ठेवा. नाव, नंबर, गाव, काय नेलं, आणि 'मेसेज केला तर चालेल ना?' असं विचारून बरोबरची खूण. वर उंबरठाताईंनी लिहिलंय ते ध्यानात ठेवून. कोरी वही अशी दोन दिवसांत भरते. ओरडायचं असेल तर जिथे ऐकणारा पुन्हा भेटू शकतो तिथे ओरडा, एवढंच म्हणतो.

आता लेबलाबद्दल व्यक्तिगत निरोपांत बरेच प्रश्न आलेत, इथेच उत्तरं देतो.

फक्त मराठीतलं लेबल चालत नाही. कायद्यानं लागणारी माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत हवी, मराठी त्याच्या जोडीला जरूर घाला. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक, घटक पदार्थ, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, पॅकिंगची तारीख, टिकण्याची मुदत, बॅच क्रमांक, शाकाहारी असेल तर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, पूर्ण पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. तारीख आणि बॅचसाठी जागा कोरी सोडा, दर वेळी शिक्का मारता येतो.

'१०० टक्के शुद्ध' छापू नका. एफएसएसएआयनं २०२५ मध्ये १०० टक्के हा शब्दप्रयोग टाळायची सूचना दिली आहे. 'मधुमेहावर रामबाण' असलं काही तर मी छापूनच देत नाही, औषधं आणि जादुई उपायांच्या जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्यानं त्यावर बंदी आहे.

नाव छापण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोधून बघा, शोध मोफत आहे. आई, आजी, घरची चव या नावांनी आधीच गर्दी केलीय. आमच्या एका गिऱ्हाइकाला नोटीस आली आणि छापलेला सगळा माल रद्दीत गेला. ट्रेडमार्कसाठी मालाचे ठरलेले वर्ग असतात; मसाले ३० व्या वर्गात येतात, लोणची २९ व्या. व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे.

वैनगंगाकाठची

गटात धागा वाचून दाखवला. पाच हजार देणं सध्या थांबवलंय, आधी मॅपवर नोंद आणि वही. तांदळाच्या पिशवीत शिजवायचं प्रमाण आणि पाण्याचं माप लिहिलेला कागद घालायचं ठरलं, देवगडकरांचं वाचून. दादा, एक विचारते: बारकोड लागतोच का? एकजण म्हणतो त्याशिवाय विकताच येत नाही.

छपाईवाला_सांगली

ताई, गावात, प्रदर्शनात, थेट घरी विकायला बारकोडची सक्ती नाही. मोठ्या दुकानांत किंवा ऑनलाइन बाजारात माल ठेवायचा झाला की ते मागतात. तेव्हा बारकोडचे क्रमांक देणाऱ्या जीएस१ इंडिया या संस्थेकडून रीतसर घ्या, आपल्याकडचे क्रमांक ८९० नं सुरू होतात. नेटवर स्वस्तात मिळणारे क्रमांक घेऊ नका, ते दुसऱ्याच्या मालाचे निघू शकतात.

मजकूर तयार झाला की छापण्याआधी मोबाइलवर बघून 'ठीक आहे' म्हणू नका. मोबाइलवर सगळं मोठं करून बघता येतं. साध्या कागदावर खऱ्या मापात छापून घ्या, पिशवीवर चिकटवा, आणि गटातल्या सगळ्यात वयस्क बाईंना चष्मा न लावता फोन नंबर वाचायला सांगा. त्यांना वाचता आला नाही तर बाकीची अक्षरं कमी करा आणि नंबर मोठा करा. चटणीच्या लेबलावर तेलकट बोट घासून बघायला विसरू नका, शाई पसरली तर लॅमिनेशन लागेल, त्याचा दर छापखान्यात आधीच विचारून घ्या.